भाऊंची तांबडी बाटली

मंडळी, एवढं सांगा — गेलेलं माणूस जपायचं, म्हणजे काय जपायचं? चष्मा? सदरा? भिंतीवरचा फोटो? बरं, मग ऐका.

एका गावी तलावाकाठी बाग आहे. बागेत जुनं चिरेबंदी कुंड, आणि दगडी गोमुखातून पिढ्यान्‌पिढ्या पडणारा झरा. पाण्यात लोह! पडताना काचेसारखं नितळ — घरी नेऊन ठेवा, तांबडं होतं! चव? गंजका खिळा चोखावा तशी! हसताय काय? लोक रांगा लावून पितात!

त्या रांगेत मृदुला उभी होती. हातात वडिलांची काचेची बाटली, बाटलीच्या गळ्याला निळी नाडी बांधलेली. वडिलांना सगळे भाऊ म्हणत. दर रविवारी ते इथून पाणी न्यायचे. आता भाऊ नव्हते. त्यांनी शेवटचं भरलेलं पाणी बाटलीत अर्धं उरलं होतं — तांबडंलाल. त्यावर ताजं भरायचं, बूच घट्ट लावायचं, आणि बाटली जन्मभर जपायची, असं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज — "अगं बाय! शिळ्यावर ताजं भरत नाहीत इथं. जुनं त्या उंबराला घाल आधी!"

"नाही घालणार."

"मग रांग कशाला अडवलीस? झऱ्याशी लग्न लावायचंय का?"

"आजी, हे माझ्या वडिलांनी भरलंय. शेवटचं."

म्हातारीनं नाडी पाहिली. आवाजच उतरला तिचा. "भाऊंची लेक तू? अगं, आपली बाटली भरण्याआधी ते मागच्याला ओंजळभर पाजायचे. मला म्हणायचे, 'घ्या येसूबाई, दात लोखंडाचे होतील!' — आणि माझ्या तोंडात एक दात नाही!"

मृदुला हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा! आणि हसता हसता डोळे भरले.

तिनं गोमुखाखाली हात धरले — आणि अंगावर काटा आला, मंडळी! कुठल्या काळचा हा पाऊस! खडकात मुरला, अंधारातून वाट काढत आला, भाऊंच्या हातात पडला — आणि आज तिच्या! धार क्षणभरही तुटली नव्हती!

ती वळली. ओंजळ येसूबाईंपुढे धरली. म्हातारी प्यायली — घटाघटा!

मग मृदुला उंबरापाशी गेली. बूच काढलं, बाटली मुळाशी रिकामी केली. धुतली, घासली. पाणी गेलं — काचेवरचा तांबूस रंग काही गेला नाही! त्याच बाटलीत तिनं ताजं पाणी भरलं.

आता बोला — भाऊ कुठं भेटले तिला? बूच लावून ठेवलेल्या पाण्यात?

तुमच्या घरी कोणती बाटली बंद आहे, मी विचारणार नाही. पण आत्ता कीर्तन संपलं की प्रसादाची रांग लागेल. हात पुढे कराल, तेव्हा एकदा मागं वळून बघा — आणि पहिला घास मागच्याला द्या!