तळेगावची पावणेपाचची एसटी

लेको, संशोधन कशाले म्हणतात ते आमच्या कुसुमताईंनी दाखवलं. कॉलेजांचा कारभार हा त्यांचा विषय, अन् ऐंशीच्या सुमारास मी त्यांचा सहायक होतो.

आर्वीच्या एका कॉलेजातून तळेगावच्या मुली वर्षाच्या आत नाव कमी करून घरी बसायच्या. प्राचार्य म्हणाले, "बाई, या पोरींना शिक्षणाची गोडीच नाई."

ताई थेट तळेगावात एका पोरीच्या घरी गेल्या. "काऊन सोडलं गं कॉलेज?"

"शेवटचा तास पाचले सुटते, अन् आमची एसटी पावणेपाचले निघते. नंतरची गाडी अंधार पडल्यावर. बाबा नाई म्हणते."

मी फॉर्म काढला. कारणांच्या यादीत गरिबी होती, लग्न होतं, नापास होतं. "ताई, खूण कुठं करू?"

"ठेव तो फॉर्म."

दुसऱ्या दिवशी ताई प्राचार्यांना म्हणाल्या, "सर, आज शेवटचा तास तुम्हीच घ्या, अन् मग एसटीनं माझ्यासंगं तळेगावले चला."

प्राचार्य अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसले. सोमवारपासून कॉलेज तासभर आधी भरू लागलं.

पुढं दिल्लीच्या परिषदेत एका मोठ्या साहेबानं विचारलं, "आपली संशोधनपद्धती कोणती?"

ताई म्हणाल्या, "प्राचार्यांची एसटी चुकवणे."