त्रेचाळीस पावलं

— बसू नका, उभ्याच राहा, दोन मिनिटांचं काम आहे. हे कॉम्प्युटर रूमचं बिघाडाचं रजिस्टर — अक्षर तुमचंच ना? ‘मशीन लवकर थांबलं. पावलांची मापं बदलली, तर नऊशे पावलांचं काम त्रेचाळिसात संपलं. एवढा फरक का पडला, कळलं नाही.’ कळलं नाही! अहो बाई, उद्या हे तपासनीस वाचतील — काय सांगू त्यांना? की नववीत शाळा सोडलेल्या, बटणं दाबायला ठेवलेल्या बाईंनी माझं गणित मोडलं?

ते भिंतीवर फ्रेम केलेलं पान दिसतंय? रोज त्याच्यासमोर येऊन उभ्या राहता, वाचलंत कधी? आकड्यांच्या दरीत सगळ्यात लहान आकडा शोधणाऱ्या मशीनला फक्त पायाखालचा उतार कळतो — आणि तेवढ्यावर तळ गाठायचा तर नऊशे पावलं लागणारच, कमी नाहीच, हे मी सिद्ध केलंय. सहा वर्षं घातली. बायको माहेरी गेली ती परत आली नाही — ते जाऊ द्या. आणि तुम्ही? म्हणे दरी अरुंद आहे, मशीन या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बसतं, म्हणून आडवं पाऊल लहान केलं, लांबीचं मोठं. हे सुचलं कशावरून? तर कापड आडवं जास्त ताणलं जातं, उभं कमी, दोन्हीकडे एकच पट्टी चालत नाही! शिलाई मशीन आहे का हे?

चूकच आहे. रविवारी मी स्वतः चालवून पाहिलं — तीनदा. तिन्ही वेळा त्रेचाळीस... असं बघू नका माझ्याकडे. बिघाडही तीनदा सारखाच येऊ शकतो.

इथे सही करा. ‘माझ्या हातून आकडे चुकीचे भरले गेले.’ सही येते ना, की अंगठा? — रडू नका, कागद भिजेल. नोकरी? चूक कबूल केलेल्या माणसाला मशीनपाशी कसं ठेवणार, तुम्हीच सांगा. आई अंथरुणाला खिळलीय, माहीत आहे मला. आता तिच्याजवळ बसायला वेळच वेळ.

झालं? बरं. ती वही राहू द्या — पावलं कशी ठरवलीत ते लिहिलेली. पुढच्या महिन्यात परिषद आहे, मला तिथे — म्हणजे, रद्दीतच जायची आहे ती. चावी टेबलावर ठेवा. आणि दार हळू लावा, त्या फ्रेमचा खिळा सैल झालाय.