मुका झालेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक शिक्षिका आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. काउंटरपाशी पांढरी काठी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ दुकानदाराशी बोलत होते.

"कॉम्प्युटरवरचं लिनक्स सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि हा मुकाच झाला. स्क्रीनवरचं वाचून दाखवेना."

"इन्स्टॉल कुणी करून दिलं होतं?"

"मीच केलं. ऐकत ऐकत."

"मग सोपं आहे, काका. ही तीन बटणं एकत्र दाबायची. बघा, लागला बोलायला."

"लागला खरा."

"आता घरच्या घरी जमेल. एवढ्यासाठी हेलपाटा नको."

"ती बटणं मला पाठ आहेत."

"मग आलात कशाला?"

"घरात तोच एक बोलतो. म्हटलं, आज एखाद्या माणसाला विचारावं."

शिक्षिकांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेतली.

"काका, इथं जागा आहे. बसा."