त्र्याऐंशीचं पातं, चौऱ्याऐंशीची मूठ

दुकानदार : थांबा, थांबा ताई. पुसू नका. तो रुमाल आधी खाली ठेवा.

भाची : अहो, नुसती धूळ आहे.

दुकानदार : असू दे. या धंद्यात धुळीचेसुद्धा पैसे होतात. मावशी, डबा टेबलावर ठेवा. मला हातमोजे घालू दे. हा कागद कधीचा?

आत्या : कारखान्यातलाच आहे. चाकू मिळाला त्या दिवशी गुंडाळला, तो आज तुमच्यापुढे सोडला.

दुकानदार : किती वर्षं झाली?

आत्या : सेहेचाळीस.

दुकानदार : आणि मधे एकदाही उघडला नाही?

आत्या : नाही.

भाची : मला तर घरात असं काही आहे हेच माहीत नव्हतं. कपाट आवरताना हातात आला, डब्यावर कारखान्याचं नाव होतं. म्हटलं फोनवर बघू, तर घडीच्या जुन्या चाकूंवर लोक तुटून पडलेत. या कारखान्याचे जुने चाकू घेणारे इथे तुम्ही एकटेच, असं कळलं.

आत्या : हिने विकायचं ठरवूनच मला इथे आणलंय. मला तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे. तुमचं बघून होऊ दे, मग विचारते.

दुकानदार : विचारा की. पण आधी हे बघू दे. ताई, जवळ या. मुठीला पितळेचे खिळे किती दिसतात?

भाची : दोन.

दुकानदार : दुसऱ्या वर्षापासून तीन झाले. आणि हा शिक्का बघा, तिरका बसलाय ना? पुढे यंत्र आलं आणि सरळ बसायला लागला. तिरका शिक्का आणि दोन खिळे म्हणजे पहिलं वर्ष, पहिले दोनशे नग. त्यातले शंभर तरी लोकांनी वापरून, धार लावून लावून संपवले. उरलेल्यांतले चौदा माझ्या हातून गेलेत. पण न उघडलेला, मूळच्या ग्रीससकट, असा एकही पाहिला नव्हता. वीस वर्षं वाट बघतोय मी.

आत्या : शिक्के मारणाऱ्या काकांचा खांदा दुखायचा. म्हणून तिरका. मालक रोज बोलायचे त्यांना त्यावरून.

दुकानदार : त्या खांद्यावर माझं घर चाललंय, मावशी.

भाची : एक मिनिट. शिक्के कोण मारायचं हे तुला काय माहीत?

आत्या : माझ्यापासून दोन बाकं सोडून बसायचे.

भाची : तू तर शाळेत शिवण शिकवायचीस.

आत्या : ते नंतरचं. त्याआधी वर्षभर कानस होती हातात. जोडारी होते मी. पातं मुठीत बसवायचं काम.

भाची : तीस वर्षांत तू मला हे एकदाही सांगितलं नाहीस.

आत्या : तू विचारलं नाहीस. शिवणाच्या बाईला कोण विचारतं आधी काय करत होतीस म्हणून.

दुकानदार : मावशी, तुम्ही बाकावर बसलेल्या? मग तुम्हीच मला शिकवा. मी आपला भिंगातून बघून बघून शिकलो.

भाची : पण किंमत किती होईल याची?

दुकानदार : सगळं जुळलं तर एक बऱ्यापैकी मोटार येईल.

भाची : आत्या, ऐकलंस? दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होईल. वर महिनाभर बाई ठेवता येईल हाताखाली.

आत्या : मला काही मोटारीसारखं पळायचं नाहीये. सगळं जुळलं तर, म्हणाले ते. पुढचं बघू दे त्यांना.

दुकानदार : एवढी एकच गोष्ट राहिली. पहिल्या वर्षी प्रत्येक पातं हाताने घासून त्याच्याच मुठीत बसवायचे. एकाचं पातं दुसऱ्याच्या मुठीत जायचंच नाही. म्हणून दोन्हीकडे एकच आकडा ठोकलेला असतो, पात्याच्या टाचेवर, म्हणजे ते मुठीला जुळतं तिथे, आणि मुठीच्या आत. अर्धाच उघडतो हं. ग्रीस आवळलंय, जोर नाही करणार.

(दिवा जवळ ओढून तो भिंग डोळ्याला लावतो. मग भिंग पुसून पुन्हा बघतो.)

भाची : काय झालं?

दुकानदार : मुठीत चौऱ्याऐंशी आहे.

भाची : आणि पात्यावर?

दुकानदार : त्र्याऐंशी. छे. वीस वर्षांनी हाताला लागला आणि तोही असा.

भाची : एका आकड्याने एवढं काय बिघडतं?

दुकानदार : सगळंच बिघडतं, ताई. याला आम्ही जोडीव माल म्हणतो. दोन मोडक्यांतून एक केलेला. मोटार विसरा, दोघींचं बाहेर जेवण झालं तरी पुष्कळ. मावशी, तुमच्याबद्दल नाही बोलत मी. कुणीतरी गंडवलंय तुम्हाला. हे बघा, टाचेवर नंतर कानसही मारलीय कुणीतरी.

आत्या : कुणीतरी नाही. मी मारलीय.

दुकानदार : तुम्ही?

आत्या : वरचे ओरखडे उजवीकडे झुकलेत. ते माझे. त्याखाली जुने आहेत, डावीकडे झुकलेले. दिसतात?

दुकानदार : थांबा... हो. दिसतात.

आत्या : ते डावऱ्याचे.

भाची : हा डावऱ्या कोण?

आत्या : माझ्या शेजारी बसायचा. डाव्या हाताने कानस चालवायचा, म्हणून सगळे डावऱ्या म्हणायचे. माझा उजवा हात, त्याचा डावा. दोघांच्या मधे एकच दिवा होता. पहिले काही दिवस कोपराला कोपर लागायचं आणि मी चिडायचे. मग सवय झाली. मग तो एक दिवस आला नाही तर माझं काम नीट होईना.

भाची : आत्या...

आत्या : यंत्र यायचं ठरलं. जोडाऱ्यांना रजा. जाताना मालक आम्हाला म्हणाले, आपण बसवलेला एकेक चाकू घेऊन जा. त्याच्या वाट्याला त्र्याऐंशी आला, माझ्या चौऱ्याऐंशी. तो म्हणाला, पाती बदलू. मी म्हटलं, बसायची नाहीत, वेड लागलंय का. तो म्हणाला, बसवू. अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत घासत होतो. माझं पातं त्याने घासलं, त्याचं मी. डबा तसाच घरी यायचा. घरी म्हणायचे, हिला भूक का नाही.

दुकानदार : अकरा दिवस. टाचेवरची जागा तीळभर, मावशी. जरा जास्त घासलं गेलं असतं तर पातं हललं असतं.

आत्या : हलतंय का?

दुकानदार : नाही. जराही नाही.

आत्या : मग.

भाची : लग्न का नाही केलंस त्याच्याशी?

आत्या : तुझे बाबा तेव्हा नववीत होते. आई नव्हती आम्हाला, आणि आमच्या बाबांचं लक्ष घरात नव्हतं. मी म्हटलं, याचं शिक्षण होईपर्यंत मला जमणार नाही. तो म्हणाला, थांबतो. मी म्हटलं, थांबू नको.

भाची : माझ्या बाबांना हे माहीत होतं?

आत्या : त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दप्तर टाकून कामाला गेला असता. ओळखतेस ना तू त्याला.

भाची : आणि तो थांबला नाही.

आत्या : मी सांगितलं तसं केलं त्याने. दुसऱ्या गावी काम मिळालं, गेला. शहाणपणाचंच बोलले होते मी. पण त्याने ते ऐकलं याचा मला राग आला. अजून आहे. या वयात सांगायला लाज वाटते, पण आहे.

भाची : म्हणून उघडला नाहीस कधी?

आत्या : उघडला असता तर त्याचं पातं दिसलं असतं. मग मी शोधायला निघाले असते. त्याचं घर झालं असेल, पोरंबाळं असतील, तिथे जाऊन मी काय सांगणार होते? बरं, तुमचं बघून झालं ना? आता माझं विचारते. असा दुसरा आलाय का कधी तुमच्याकडे? मूठ त्र्याऐंशी, पातं चौऱ्याऐंशी. आला असेल तर एवढंच सांगा, तो वापरलेला होता की नुसता पडून राहिलेला.

भाची : अहो, असे का बघताय?

दुकानदार : ताई, मागच्या फळीवर लाल वही आहे. ती द्या जरा.

भाची : ही?

दुकानदार : हीच. मावशी, पाच वर्षं झाली, एक गृहस्थ दरवर्षी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा खिशातून चाकू काढून टेबलावर ठेवला. पातं झिजून निम्मं राहिलेलं, आकडे जुळत नाहीत. मी म्हटलं, आजोबा, हा जोडीव माल आहे, वर धार लावून लावून संपलाय, याचं काही येणार नाही. ते म्हणाले, किंमत कुणी विचारली? याचा जोडीदार आलाय का ते सांगा.

आत्या : जोडीदार म्हणाला?

दुकानदार : हाच शब्द. मी आपला हसलो. दरवर्षी तेच सांगत आलो, नाही आला, आणि आला तरी दोन्ही भंगारच. आज तुम्ही विचारलंत तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एवढा भिंग लावून बसणारा माणूस मी. ही बघा सही. डाव्या हाताची आहे, शाई फरफटलीय.

आत्या : त्याची अक्षरं अशीच. हजेरीच्या वहीत खालच्या माणसाचं नाव पुसून टाकायचा. एकटा येतो?

दुकानदार : एकटेच. एकदा नात होती बरोबर.

आत्या : नात आहे. बरं झालं. घर झालं म्हणजे त्याचं.

दुकानदार : पहिल्यांदा आले तेव्हा बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. म्हणाले, आता विचारायला हरकत नाही. ती नात आली होती ना, तेव्हा त्यांनी इथेच, या खुर्चीत बसून, तिला त्या चाकूने सफरचंद सोलून दिलं. पहिल्या वर्षाचं पातं आणि सफरचंद! माझा जीव वरखाली होत होता. पोरगी म्हणाली, आजोबा, किती जुना झालाय, नवीन घ्या ना. तर म्हणाले, मूठ माझी आहे, पातं उसनं आहे. ज्याचं त्याला परत करायचंय.

आत्या : आणि निम्मं झिजवून परत करणार होता.

भाची : आत्या, तू रडतेस का हसतेस?

आत्या : मला तरी कुठे कळतंय. मी इकडे कागदात गुंडाळून ठेवला, आणि त्याने माझं पातं रोज हातात घेतलं. रोज, नाहीतर निम्मं कसं होईल? तुम्ही सांगा, किती वर्षं लागतात निम्मं व्हायला?

दुकानदार : रोज वापरलं तर... चाळीस. पंचेचाळीस.

आत्या : हं.

भाची : यंदा आले होते ते?

दुकानदार : नाही अजून. या महिन्यातच येतात. गेल्या वर्षी काठी होती हातात, जिना चढताना दोनदा थांबले. नंबर आहे इथे. लावू का फोन?

आत्या : नको.

भाची : नको काय? पाच वर्षं जिना चढतोय माणूस.

आत्या : अगं, आवाज ओळखणार नाही तो. आणि मी काय बोलू? थांबू नको म्हटलेली बाई मी.

भाची : ते सगळं नंतर बोल. तो काय बोलेल पहिलं, ते सांग.

आत्या : तो? तो पहिलं विचारेल, उघडतो का. कुठलाही चाकू कुणी हातात दिला की आधी उघडून बघायचा. धार नंतर, चकाकी नंतर. आधी उघडला पाहिजे म्हणायचा. आणि हा तर अर्ध्यावर अडलाय. तुमच्याकडे तेल आहे का?

दुकानदार : मावशी, एक सांगतो, ते मूळचं ग्रीस आहे. आकडे नाही जुळले तरी निव्वळ न उघडलेला म्हणून घेणारा एखादा भेटेल. तेल घातलं की तेही गेलं. एक पैसा येणार नाही मग.

आत्या : गुडघ्यांचं काय ते बघू गं आपण, चिडू नको.

भाची : मी कुठे चिडलेय? अहो, द्या ना तेल.

दुकानदार : हे घ्या. एकच थेंब घाला, खिळ्यापाशी.

आत्या : मला सांगताय?

दुकानदार : चुकलं. ताई, नंबर सांगतो, तुम्ही तुमच्या फोनवरून लावा. त्यांना माझा आवाज ऐकून कंटाळा आलाय.

भाची : वाजतोय. आत्या, वाजतोय.

आत्या : थांब, हात नको लावू. येतंय. स्प्रिंगचा ताण मी जरा जास्तच ठेवला होता... आलं. ऐकलात आवाज?

दुकानदार : ऐकला. नव्यासारखा बसला खटका.

भाची : उचलला. घे. अगं, कानाला लाव.

आत्या : ...हो. मीच. ...हो, उघडतो. आत्ताच तेल घातलं.