बाटलीत उतरलेला धूर

धम्मशीला – लघवीच्या या दोन्ही बाटल्या तुमच्याच आहेत, जनकाबाई. पहिली इथं स्टँडवर पेरू विकत होतात तेव्हाची. दुसरी संग्रामपूरला भावाकडं राहून आलात, त्या सकाळची.

जनकाबाई – मंग फरक काऊन पडला?

धम्मशीला – गाड्यांचा धूर श्वासातून अंगात जातो. त्यातलं थोडं लघवीत उतरतं. इथं बसता तेव्हा भरपूर निघालं, तिकडं राहिलात तर जवळपास गेलंच.

जनकाबाई – म्हंजे मुतासंगं धूर निंगून जाते.

धम्मशीला – कालपरवाचा जातो. छातीत काय बसलं, ते या तपासणीत कळत नाही. आमच्या कॉलेजचा अभ्यास एवढाच आहे.

जनकाबाई – लेकराच्या लघवीत उतरते काय?

धम्मशीला – उतरतं. घरी लहान कोणी आहे?

जनकाबाई – होती. पायल. थ्या निंबाले झोळी बांधो मी तिची. सालभराची व्हाची होती.

धम्मशीला – काय झालं?

जनकाबाई – खोकला. दवाखान्यात नेली, तिथूनच मसनात. ताई, तिची बाटली असती त तुमी सांगतलं असतं?

धम्मशीला – धुरात होती, एवढं सांगितलं असतं. कशानं गेली, ते नसतं सांगता आलं.

जनकाबाई – थे काळीपिवळी जीप दिसते? मोतीरामभाऊची हाय. इंजिनाच्या घरघरीनं पायल झोपे. बंद केलं का रडे. सवारी नसली तरी भाऊ चालू ठेवे. म्हने, झोपू द्या लेकराले.

धम्मशीला – त्यांचाही रिपोर्ट आणलाय. गाडी उभी असली की इंजिन बंद ठेवा, हेच सांगणार होते.

जनकाबाई – सांगा. पन पायलचं नाव काढू नका. जीव जाईन त्या मानसाचा.

मोतीराम – (चालू जीपमधून) काय म्हनते म्याडम, जनकाबाई? माह्या बाटलीत निंगालं काय काई?

धम्मशीला – धूर निघाला, मोतीरामभाऊ. त्यात तुमच्या जीपचाही असणार. थांबलात की इंजिन बंद करत जा.

मोतीराम – चालू दिसली तरच सवारी बसते ना, म्याडम. नाहीतर म्हनते, याले टाइम हाय, अन् दुसरीत जाते. इतके साल चालूच ठेवली, कोनाचं काय बिघडलं?

जनकाबाई – भाऊ, माहं डोकं दुखते आवाजानं. बंद करा.

मोतीराम – अवं, मंग पह्यले काऊन नाही सांगतलं? करतो ना बंद.

(जीपचं इंजिन बंद होतं.)

धम्मशीला – त्या निंबाकडं काय पाहता, जनकाबाई?

जनकाबाई – काई नाही, ताई. आवाज थांबला का थे उठे.