गुरुवार, साडेदहा

— नाही, खाली नाही घेणार. तुम्ही हवा भरायला सांगितलीत, मान्य — आणि मी न विचारता गाडी लिफ्टवर चढवली, तेही मान्य. पण फ्राऊ डॉक्टर, तुम्ही दातांच्या ना? मग मला सांगा, माणूस तुमच्याकडे नुसते दात पांढरे करून घ्यायला येतो आणि तुम्हाला आत कीड दिसते, तेव्हा तुम्ही गप्प बसता का? नाही बसत. मग मी कसा बसू? हे टायर उन्हाळ्याचे आहेत. चारही. नवे आहेत, महागाचे आहेत, सगळं खरं, पण उन्हाळ्याचे. या, जवळ या, नख लावून बघा. रुततंय? नाही रुतत. दारावर तापमान बघा — तीन. सातच्या खाली गेलं की हे रबर फ्रिजमधल्या लोण्यासारखं होतं, आणि इथे तीन म्हणजे वर घाटात उणे चार असणार. बर्फ तर सकाळपासून पडतोय तिकडे.

चारी चाकांना ताकद मिळते, हो, माहीत आहे, मागे लिहिलंय तसं. ती ताकद पुढे जायला. थांबायला नाही. थांबायचं तर शेवटी रबरानंच. आणि मागचे टायर केवढे रुंद आहेत बघा — कोरड्या रस्त्यावर राजा, पण पातळ बर्फावर ते तरंगतात, पाण्यावर पाट तरंगावा तसे. विकणाऱ्यानं सांगितलं की बारमाही आहेत? त्यानं या खोऱ्यात एक नोव्हेंबर काढलेला नसणार. — अरे, थांब जरा, हॉर्न वाजवून लिफ्ट रिकामी होत नाही. — तो लाल गाडीवाला, ट्रान्स्पोर्टचा लुगर, अडीचची वेळ आहे त्याची. अकरा गाड्या उभ्यात बाहेर. पहिला बर्फ पडला की सगळ्या खोऱ्याला एकदम टायर आठवतात, दरवर्षी, जसं काही हिवाळा यंदा नव्यानं आलाय. म्हणून माझा नियम आहे, एकतीस वर्षांचा — वेळ घेऊन या. बिनावेळेचा कुणी आत येत नाही. पाद्री आले होते, त्यांना मंगळवार दिला. सरपंचांना परत पाठवलं. सख्ख्या भावालासुद्धा मी — ते जाऊ दे.

फोन करा, करा. मी थांबतो. — झाला? काय म्हणाल्या बालवाडीच्या बाई? घाटापलीकडची बालवाडी, पाचला बंद म्हणजे बंद. हं. मला वाटलंच होतं की कुणीतरी लहान आहे, मागे ती छोटी खुर्ची बांधलेली दिसली मला, तुम्ही आत वळलात तेव्हाच, खरं सांगायचं तर गाडी वर घेतली ती त्या खुर्चीमुळे. कारण जाताना तुम्ही एकट्या, पण येताना? सहा वाजता, अंधारात, उतारावर, आणि तुमची लेक मागे. खालच्या रस्त्यानं गेलात तर अडीच तास, म्हणजे पाच होऊन गेले. घाटानं एक तास. म्हणजे तुम्ही घाटानंच जाणार. मी काहीही बोललो तरी जाणार — नाही म्हणू नका, तुमच्या तोंडावर दिसतंय. पोलिसांना फोन करू शकतो मी, बर्फात असे टायर चालत नाहीत, कायदाच आहे. पण मग तुम्ही इथे अडकणार आणि ती तिकडे बालवाडीच्या दारात कोट घालून उभी. तेही नकोच.

हळू जाईन म्हणता. हं. हळू. फ्राऊ डॉक्टर, अडतीस म्हणजे हळू की जोरात? सांगा ना. अडतीसनं शहाणा सायकलवाला उतरतो. पोलिसांनी मोजलं होतं, गाडीतल्या यंत्रात सगळं लिहिलेलं असतं — अडतीस. गावात सगळे म्हणाले, स्पोर्ट्स कार होती, मस्ती आली असणार. मस्ती नाही. अडतीस. वर घाटातलं चॅपेल ओलांडलं की तिसरं वळण आहे, तिथे कठडा संपतो, आणि त्या दिवशी बोटभरच बर्फ होता. साबणावरून घसरावी तशी गेली, आवाजसुद्धा झाला नसेल. सेव्हेरिन. माझा भाऊ, धाकटा. तुमच्यासारखीच गाडी, हीच, फक्त रंग करडा. चार वर्षं झाली.

नाही नाही, सांत्वन नको, तसं काही नाही. आमचं तसं बोलणंच नव्हतं. बाबांच्या कुरणातला त्याचा हिस्सा त्यानं हॉटेलवाल्याला विकला आणि ही गाडी घेतली, मी म्हणालो, तू गवत विकून खेळणं आणलंस, तो म्हणाला, तुझ्या हाताचा काळा रंग तुझ्या तोंडातही गेलाय. बस. तीन वर्षं एका गावात राहून चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर. आणि मग त्या ऑक्टोबरात त्याचा फोन — हिवाळी चाकं पाहिजेत, पूर्ण संच, रिमसकट. ही मापं कुणी ठेवत नाही, मागवावी लागतात. इन्सब्रुकला घेता आली असती त्याला. घाटापलीकडे तो हॉटेलात स्वयंपाकघर सांभाळायचा, एक दिवस वाट वाकडी करून शहरात गेला असता तरी जमलं असतं. माझ्याकडे का मागितली? माझ्याकडून टायर घेऊन त्याला काय मिळणार होतं? — आता कळतं हो. तेव्हा मला वाटलं, आला वाकून.

चाकं आली. सोमवारी तो दारात उभा, हा इथे, तुम्ही उभ्या आहात तिथेच, म्हणाला, आल्बान, वर बर्फ सांगितलाय, आज बसवतोस का? मी वही उघडली. पानं उलटली, सावकाश. म्हणालो, गर्दी आहे. गुरुवार, साडेदहा. तो म्हणाला, बरं. एवढंच, बरं. बुधवारी गेला.

गर्दी होती ना, पहिल्या बर्फाची गर्दी, काय करणार — असं मी सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, पाद्रींना, त्याच्या बायकोला. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुझी काय चूक. — गर्दी नव्हती. बर्फ पडायच्या आधीचा सोमवार होता तो, कोण येतंय. ही लिफ्ट रिकामी होती. हीच. मी कॉफी पीत होतो, तो पलीकडे नेदिम आहे ना, तो दार पुसत होता, वीस मिनिटांचं काम होतं. नेदिमनं मला आजपर्यंत एका शब्दानं विचारलेलं नाही. बायकोलाही मी हे बोललेलो नाही. तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका.

ती चाकं खाली तळघरात आहेत. मघाशी तुम्ही फोनवर होतात तेव्हा जाऊन बघून आलो, मापं तीच, छिद्रंही तीच, अंधारात होती म्हणून रबर मऊ आहे अजून. बघितली आणि परत वर आलो. हात नाही लावला. — नेदिम. नेदिम, खालची ती चार आण. हो, तीच. काय बघतोस माझ्याकडे, ऐकलंस ना? — नाही, लुगर, तुझी वेळ अडीचची आहे ते मला माहीत आहे, तू तीन वाजता ये. नाहीतर येऊ नकोस. हो, बाईंना वेळ दिलेली नव्हती. मी मध्येच घेतलंय त्यांना. गावभर सांग.

बाजूला व्हा, कोटाला काळं लागेल. — चाकाला लावलेली सेव्हेरिनच्या वेळेची ती चिठ्ठी इकडे दे, नेदिम, टाकू नकोस, खिशात ठेव माझ्या. — तुमची चाकं इथे राहतील, खडूनं नाव घालतो, ईस्टरनंतर या. आत्ता पैशाचं बोलू नका, पर्स बंद करा. पहिलं वळण येईपर्यंत एकदा ब्रेक दाबून बघा, रिकाम्या रस्त्यावर, म्हणजे अंदाज येईल. चॅपेलनंतर दुसऱ्या गिअरमध्ये. मुलीचं नाव काय? — छान आहे.

आणि एक, हे नीट ऐका. नवी चाकं लावली की पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. जाऊन येऊन तेवढंच होतं. तेव्हा परत येताना इथे थांबायचं, तिला घेऊन. आम्ही सहाला बंद करतो, पण मी असेन. सात वाजले तरी, आठ वाजले तरी दिवा चालू असेल. वेळ घ्यायला नको. नुसतं आत या.

ही घ्या किल्ली. निघा आता. — लुगर, आण रे गाडी आत.