पीचची ऑक्टोबर छाटणी

हॅलो?... कोण, भाग्यश्री?... बोल गं, मी आईच बोलतेय... नाना? ते बाहेर ओट्यावर बसलेत... अगं मोठ्याने बोल. तुझ्या माहेरची, नामपूरची लाइन म्हणजे विहिरीतून बोलल्यासारखी.

हो, हो... वेदिकाला सुट्टी लागली? पास झाली ना?... शहाणी गं माझी नात.

पीच?... अगं ऐक ना... हो, एवढ्यात पिकायला लागतात दरवर्षी, माहीत आहे... यंदा नाहीत... नाही, गारपीट नाही. वटवाघळंही नाहीत... अगं, ऐकून तर घे.

झाडच गेलं, भाग्यश्री.

हॅलो?... आहेस ना?

नानांनी छाटलं... हो, योगेशचंच. दुसरं पीच कुठलं आहे आपल्या परसात?... योगेश गेल्यापासून तेवढंच तर उरलं होतं, मला नको सांगूस... ऑक्टोबरात. द्राक्षबागेची छाटणी चालू होती, कात्री हातात होतीच. म्हणाले, "पोराचं झाड नुसतं पाल्याने माजलंय. याचीही छाटणी करतो, बघ कसं लगडतं."... सांगितलं होतं गं योगेशने. कलम आणलं तेव्हाच सांगितलं होतं. कमी थंडीत धरणारी जात आहे, पण पानं गळू द्यायची, पौषात दाट काड्या तेवढ्या काढायच्या, मधून उजेड जाऊ द्यायचा. फळ येतं ते गेल्या साली फुटलेल्या काडीवर... ह्यांनी ती काडीच सगळी उतरवली. द्राक्षासारखी, दोन-दोन डोळे ठेवून. आणि वरून प्रत्येक डोळ्याला ते द्राक्षाचं फुटीचं औषध पुसलं... हो तेच, हातमोजे घालावे लागतात ते. पीचला सोसतंय होय! डोळे काळे पडले. मग खोडातून डिंक वाहायला लागला. संक्रांतीला साल सुटून हातात यायला लागली...

काय म्हणालीस?... परत बोल... मुद्दाम?

नाही. नाही बाई, असं नको बोलू... दसऱ्याला तुझ्या दुसऱ्या लग्नाचं कळलं, खरं आहे. त्या दिवशी जेवले नाहीत, तेही खरं. पण झाडावर राग काढणारा माणूस कुऱ्हाड घेतो गं. या वयात स्टुलावर चढून डोळ्यान्‌डोळ्याला औषध कोण पुसत बसतं?... अजून रोज सकाळी बादली ओततात त्याच्या बुडाशी. म्हटलं, अहो, लाकडाला पाणी घालताय. तर म्हणाले, "तू गप."

रडू नको... मला का माहीत नाही? "बापाच्या झाडाचं फळ खायला वर्षातून एकदा पोरीला नाशिकला जाऊ द्या," एवढंच मागून घेतलंस तू नव्या घरी. झाडापुरतं हो म्हणाले ते...

काय? बाजारातून आणू?... आणि झाडाखाली ठेवू?... अगं, पोरगी काय आंधळी आहे? दरवर्षी चढते ती त्याच्यावर... गप्प बसेल म्हणतेस? एवढ्याशा पोरीला खोटं शिकवायचं?... बरं, बरं. तू म्हणशील तसं. नाही सांगत कोणाला... शप्पथ.

कोण आलंय?... सटाण्याहून? तुझ्या होणाऱ्या सासूबाई?... अगं नको, माझ्याकडे कशाला देतेस... भाग्यश्री...

हॅलो... नमस्कार, अक्काबाई... हो, योगेशची आई... बरं आहे सगळं... झाली का साड्यांची खरेदी?... हो, इकडेही ऊन लय आहे...

फळं?... हो... दिवस आहेत खरे...

आहे ना, ऐकतेय...

नाही, अक्काबाई. खोटं नाही बोलवत. झाड वाळलं... पुरतं वाळलं... भाग्यश्रीला दोष देऊ नका, तिला आत्ताच कळलं... हो, बोलणं झाडापुरतंच झालं होतं, मान्य आहे. पण मी काय म्हणते, झाड गेलं तरी आजी आहे की. आजोबा आहेत. आमच्यापुरतं चार दिवस पाठवाल का?

हो... हो... नव्या घरात रुळायला पाहिजे पोरीने, बरोबर आहे तुमचं... मागचं धरून बसायचं नाही... नाही हो, राग कसला...

बरं.

एक ऐका, अक्काबाई. तिला दूध देताना साय काढून द्या. साय दिसली की कपाला हात लावत नाही ती... अहो, लाड नाहीत, उलटी होते तिला... हां, तेवढं बघा.

ठेवते.